तुटलेला पाट

माझे आजोळ साक्री तालुक्यात, पांझरा नदीच्या काठी आहे. सह्याद्रीच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी पूर्वेकडे वाहत धुळे शहरातून जाते, पुढे उत्तरेस वळते आणि मुडावदजवळ तापीला मिळते. तिच्यावर ठिकठिकाणी जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यापासून पाट निघतो, पाटाला चाऱ्या फुटतात आणि चाऱ्यांतून पाणी शेतात जाते. पाटाखालच्या जमिनीचे जे मोठाले तुकडे पाडलेले असतात, त्यांना आमच्याकडे फड म्हणतात. एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक घ्यायचे, पाणी सोडायला गावाने पाटकरी नेमायचा आणि पाटावर नजर ठेवायला जागल्या, अशी ही रीत शेकडो वर्षे चालत आली. आता पुष्कळ बंधारे निकामी झाले आहेत आणि जो तो आपापल्या विहिरीवर अवलंबून राहू लागला आहे. पण माझ्या लहानपणी आमच्या आजोळचा पाट वाहत होता, आणि माझे मामा त्या पाटाचे पाटकरी होते.

मी पाचवीत असतानाची गोष्ट. पावसाळ्यात एका रात्री पाटाची कड फुटली. सकाळी मामांबरोबर मी तेथे गेलो. वर बंधारा काठोकाठ भरलेला होता, पण फुटलेल्या जागेखाली पाटात नुसता चिखल होता. दुरुस्तीला आठ दिवस लागले आणि त्यातच पावसाने ओढ दिली. खालच्या फडातील पिके माना टाकू लागली. मी भाबडेपणाने विचारले, "मामा, ही जमीन मेली का?" मामा हसले आणि म्हणाले, "अरे भाचा, जमीन कशी मरेल? वर पाणी आहे, खाली जमीन आहे. मधला पाट तेवढा तुटला आहे." हे वाक्य पुढे मला किती वेळा आठवणार होते, याची त्या वेळी कल्पना नव्हती.

२००१ सालच्या वैशाखात मामा शेळ्यांसाठी पाला तोडायला बांधावरच्या निंबावर चढले आणि फांदी मोडून खाली पडले. फार उंचावरून पडले होते असेही नाही, दीड पुरुष उंची असेल. पण पाठ खालच्या दगडावर आदळली. हाक ऐकून माणसे धावली. कोणी काखेत हात घातले, कोणी पाय धरले आणि मामांना उचलून, पाठीला बाक पडलेल्या अवस्थेत, बैलगाडीत घातले. सगळे मायेचे लोक होते आणि सगळ्यांना घाई होती. पाठीला मार लागलेल्या माणसाला असे उचलू नये. फळीवर किंवा काढून आणलेल्या दारावर सरळ निजवून, मान व पाठ हलू न देता न्यावे, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. मामांच्या मणक्याचे नुकसान पडताना किती झाले आणि गाडीत किती, हे आता कोण सांगणार? पण बैलगाडीची ती खडखड आठवली की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

धुळ्याच्या रुग्णालयात डॉक्टरांनी मोठ्या मंडळींना बाजूला घेऊन समजावून सांगितले. मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. पाठीच्या कण्यातून मेंदूपासून कंबरेपर्यंत एक दोर जातो. त्याला मज्जारज्जू म्हणतात. त्याची लांबी साधारण ४५ सेंटिमीटर आणि जाडी आपल्या करंगळीएवढी. मेंदूच्या आज्ञा या दोरातून पायांकडे जातात आणि पायांच्या बातम्या याच वाटेने मेंदूकडे येतात. छातीच्या मागे जे बारा मणके असतात, त्यांतील दहाव्याजवळ मामांचा हा दोर चिरडला गेला होता. हाड सांधते, कातडी भरून येते. पण मज्जारज्जू एकदा तुटला की तो पुन्हा जोडण्याची विद्या अद्याप माणसाला साधलेली नाही. आजीने एवढेच विचारले, "चालेल ना पण?" डॉक्टर काही बोलले नाहीत. मला मात्र फुटलेला पाट दिसू लागला.

त्यानंतरची वर्षे ओसरीवरच्या बाजेची होती. पाय हलत नाहीत एवढेच दुखणे असते तर गोष्ट वेगळी होती. मामांना कंबरेखाली काही कळतच नसे. एकदा उन्हाळ्यात त्यांनी गरम चहाचा पेला मांडीवर टेकवून ठेवला आणि बोलत राहिले. पेला उचलला तेव्हा खाली फोड आलेला होता. एका कुशीवर फार वेळ पडून राहिले की कातडीचे रक्त थांबते आणि जखम होते. म्हणून आजी दर दोन तासांनी त्यांची कूस बदली. घड्याळ तिला वाचता येत नव्हते. रात्री ती चांदण्यांवरून वेळ ओळखी, ढगाळ रात्री नुसत्या अंदाजाने उठे. अधूनमधून मामांचे पाय आपोआप ताठ होत, थरथरत. ते पाहून आजी देवापुढे दिवा लावी. डॉक्टरांनी सांगितले होते की हे झटके म्हणजे पाय बरे होण्याची खूण नव्हे. पण दिवा लावू नको, असे तिला सांगण्याचे धाडस घरात कोणालाच झाले नाही.

मामा स्वतः मात्र फार दिवस बाजेवर राहिले नाहीत. पाटकऱ्याचे काम गेले. पण गावात विहिरी वाढल्या होत्या आणि विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या होत्या. त्या जळत, आणि भरून आणायला धुळ्याला न्याव्या लागत. मामांनी एका कारागिराला घरी बोलावून मोटार भरण्याचे काम शिकून घेतले. जळलेली गुंडाळी काढायची, तांब्याची नवी तार वेढे मोजून बसवायची, वार्निश द्यायचे, हे सगळे बसून होणारे काम. दोन वर्षांत चार गावांच्या मोटारी त्यांच्या ओसरीवर येऊ लागल्या. ते हाताने चालवायच्या तीनचाकी गाडीवरून स्वतः शेतात जात आणि मोटार जळाली आहे की नुसती तार तुटली आहे, ते पाहून येत. तार तुटलेली निघाली तर पैसे घेत नसत.

त्यांच्या कामाच्या जागी भिंतीवर एक वर्तमानपत्राचे कात्रण चिकटवलेले होते. ते मुरलीकांत पेटकर यांच्या छायाचित्राचे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचा हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला. कण्यात गोळी राहिली. सैन्यात मुष्टियुद्ध खेळणाऱ्या त्या तरुणाने मग पाण्याचा आश्रय घेतला आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याचे अंतर ३७.३३ सेकंदांत कापून सुवर्णपदक मिळवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, त्या वेळचे ते कात्रण. पुण्याजवळ खडकीला कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी १९७४ पासून एक पुनर्वसन केंद्र आहे, हेही मामांनी कोठून तरी वाचून ठेवले होते. "पाण्यात माणसाला वजन राहत नाही," ते म्हणत, "म्हणून तेथे पायांचे काम हातांना पुरवता येते."

पण हातांना सगळे पुरवता येत नाही, हे पुढे कळले. मी नोकरीनिमित्त जळगावला राहू लागलो होतो. २०२२ च्या हिवाळ्यात मामा माझ्याकडे आले ते धाप लागते म्हणून. तपासणीत रक्तदाब वाढलेला निघाला, रक्तात साखरही दिसू लागली होती. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. मामा दिवसभर हातांनीच काम करणारे. त्यांना त्याचे हसू आले. तेव्हा व्यायाम घेणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कारण सांगितले. आपल्या शरीरातील सर्वांत मोठे स्नायू मांड्यांचे आणि ढुंगणाचे. ते काम करू लागले म्हणजे भराभर रक्त मागतात आणि हृदयाला पळावे लागते. हातांचे स्नायू लहान. ते थकून जातात, पण हृदयाला पुरेसा व्यायाम होण्याआधीच थकतात. म्हणूनच कण्याला इजा झालेल्या माणसांना पुढे हृदयाचे विकार जडण्याचा धोका मोठा असतो. पायांवर भार न पडल्यामुळे पायांची हाडेही पोकळ होत जातात.

"मग आमच्या पायांनी काम करावे तरी कसे, ताई?" मामांनी विचारले. डॉक्टरीणबाईंनी आपल्या मोबाइलवर एक चित्रफीत लावली.

एका लांब लोखंडी पट्टीवर मागेपुढे सरकणारी बैठक होती. तिच्यावर पाठीला आधार देऊन आणि पट्टा बांधून एक मनुष्य बसला होता. हातात साखळीला जोडलेली मूठ, पाय समोर फळीवर बांधलेले. होडी वल्हवण्याचा सराव करण्याचे हे यंत्र. धडधाकट लोक व्यायामशाळेत वापरतात तेच. वेगळे होते ते एवढेच, की त्या माणसाच्या मांड्यांवर, पुढून व मागून, चिकट पट्ट्या लावलेल्या होत्या आणि त्यांतून तारा निघाल्या होत्या. त्याने मुठीवरील बटण दाबले की मांडीच्या पुढच्या स्नायूंत विजेची स्पंदे जात, गुडघे सरळ होत आणि बैठक मागे जाई. त्याच वेळी तो हातांनी मूठ ओढी. बटण सोडले की मागचे स्नायू आखडत, गुडघे वाकत आणि बैठक पुढे येई. ज्या पायांना स्वतःचे अस्तित्वही ठाऊक नव्हते, ते पाय वल्हवत होते.

मामांनी ती चित्रफीत तीनदा पाहिली. मग त्यांच्यातील मोटारवाला जागा झाला. "ताई, माझी मोटार जळालेली नाही ना? फक्त लाइन तुटली आहे ना?" डॉक्टरीणबाई क्षणभर गोंधळल्या आणि मग हसून म्हणाल्या, "अगदी बरोबर बोललात, काका."

ते खरोखरच तसे आहे. मज्जारज्जूतून निघून स्नायूंपर्यंत जाणारे मज्जातंतू आणि ते स्नायू, दोन्ही इजेच्या खाली शाबूत असू शकतात. त्यांना वरून आज्ञा मिळत नाही, एवढेच. बाहेरून विजेचे हलके स्पंद दिले तर ते तीच आज्ञा समजून काम करतात. मामांच्या पायांना जे झटके येत, ते खालचे तंतू जिवंत असल्याची खूण होते. आजीने दिवा लावला तो अगदीच चुकीच्या ठिकाणी नव्हता म्हणायचा! ज्यांचे हे खालचे तंतूच नष्ट झालेले असतात, त्यांना मात्र या रीतीने उपाय होत नाही.

विजेने स्नायू आखडतो, हे माणसाला फार पूर्वीच कळले होते. इटलीतील बोलोन्या येथील गॅल्व्हानी या शास्त्रज्ञाने मेलेल्या बेडकाच्या पायावर प्रयोग करून १७९१ साली ते प्रसिद्ध केले. पण बेडकाच्या पायापासून माणसाच्या कामापर्यंत यायला पावणेदोनशे वर्षे लागली. पक्षाघाताने पाऊल लोंबकळणाऱ्या रोग्याच्या टाचेखाली कळ बसवून, पाऊल उचलताच विजेचा स्पंद मिळेल अशी युक्ती अमेरिकेत लिबर्सन यांनी १९६१ साली केली. वल्हवण्याची कल्पना त्यानंतरची. इंग्लंडात ब्रायन अँड्र्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रूपास आणली. पुढे बोस्टनच्या स्पॉल्डिंग रुग्णालयात अँड्र्यू टेलर यांनी तिचा हृदयावर व हाडांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास केला. याच इंग्लंडात, स्टोक मँडेव्हिल येथे, १९४८ साली डॉक्टर गुटमन यांनी कण्याला इजा झालेल्या सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली होती आणि त्यातूनच पुढे पॅरालिंपिक स्पर्धा उभ्या राहिल्या. त्यापूर्वी अशा रोग्यांना नुसते निजवून ठेवीत आणि त्यांतले बहुतेक थोड्याच काळात दगावत.

असे यंत्र काही जळगावच्या त्या दवाखान्यात नव्हते. डॉक्टरीणबाईंनी ते आधीच स्पष्ट सांगितले. पण यंत्रावर बसण्यापूर्वीही कित्येक आठवडे मांड्यांच्या स्नायूंना विजेच्या स्पंदांनी तयार करावे लागते. आणि तेवढी तयारी येथे होण्यासारखी होती. प्रथम मामांच्या पायांच्या हाडांची तपासणी झाली. कारण पोकळ हाड स्नायूच्या जोराने मोडू शकते. मग पट्ट्या कोठे लावायच्या ते ठरले. कातडीला चटका बसला तरी मामांना कळणार नव्हते, म्हणून प्रत्येक वेळी पट्टी काढून खालची कातडी पाहायची, हे काम माझ्याकडे आले. या स्पंदांचा वेग सेकंदाला ३० ते ५० असतो. आपल्या घरातील वीजही सेकंदाला ५० आवर्तने करते, असे मामांनी लगेच सांगितले. त्यावर डॉक्टरीणबाईंनी त्यांना करड्या आवाजात बजावले, की वेग सारखा असला तरी जोर सारखा नसतो. हे यंत्र मोजून मापून अगदी अल्प प्रवाह देते, आणि घरातील तार अंगाला लावणे म्हणजे मृत्यूला हात धरून घरात आणणे आहे. मामा गप्प झाले. त्यांच्या मनात ओसरीवर काही जुळवण्याचा बेत येऊन गेला असावा, असा मला आजही संशय आहे.

पहिल्या दिवशी आजीला मी मुद्दामच नेले नव्हते. पण चौथ्या की पाचव्या दिवशी ती हट्टाने आली. तिने आता नव्वदी गाठली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. मामा खुर्चीवर बसले होते, पाय खाली लोंबत होते. डॉक्टरीणबाईंनी हळूहळू प्रवाह वाढवला. मांडीचा स्नायू कातडीखाली ससा हलावा तसा हलला, आणि मग एकवीस वर्षे निजलेला तो पाय गुडघ्यातून सावकाश उचलला जाऊन सरळ झाला.

आजी उभी राहिली. "पोऱ्याना पाय हालना!" ती ओरडली. पोराचा पाय हलला! तिने डॉक्टरीणबाईंचे हात धरले, पदर डोळ्यांना लावला. दवाखान्यातील इतर रोगीही पाहू लागले. मी पुढे झालो, पण काय बोलावे ते सुचेना. खरे सांगावे तर तिच्या एकवीस वर्षांच्या दिव्यावर फुंकर घातल्यासारखे होणार. न सांगावे तर उद्यापासून ती मामांना उभे राहा म्हणणार.

मामांनीच ते काम केले. आजीला जवळ बोलावून त्यांनी तिचा हात आपल्या मांडीवर ठेवला. प्रवाह चालू होताच तिला हाताखाली स्नायू ताठ झालेला लागला; बंद होताच तो सैल पडला. तीन-चार वेळा असे झाले. मग मामा हळू आवाजात म्हणाले, "माय, मी नही हलाडा. ईजनी हलाडा."

आजी बराच वेळ हात तसाच ठेवून उभी होती. शेवटी तिने विचारले, या पायाने चालता येणार नाही ना? मामांनी मान हलवली. मग याचा उपयोग काय? मामा म्हणाले, "माय, पाट तुटला तो तुटलाच. पण फडात विहिरीचे पाणी दिले तर पीक तरी जळत नाही." शेतकऱ्याच्या घरात जन्म काढलेल्या त्या बाईला याहून अधिक सांगावे लागले नाही. ती खाली बसली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, आणि त्यानंतर रोज येऊ लागली. प्रवाह सुरू होण्यापूर्वी ती मामांच्या मांडीवरून एकदा हात फिरवी. गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

स्नायू लवकर थकत. विजेने हलणारा स्नायू आपल्या इच्छेने हलणाऱ्या स्नायूपेक्षा लवकर दमतो. पहिल्या आठवड्यात तर दहा-बारा वेळा पाय उचलला की तो अर्ध्यातच खाली पडे. मामा वहीत आकडे लिहून ठेवीत, जसे ते मोटारीचे वेढे लिहीत. दहाचे वीस झाले, विसाचे चाळीस. दीड महिन्याने मांडीचा घेर दोरीने मोजला तर दोरी बोटभर कमी पडली. त्या दिवशी मामांनी डॉक्टरीणबाईंना एक विनंती केली.

ती समजण्यासाठी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही महाशिवरात्रीला कधीकधी मुडावदला कपिलेश्वराच्या दर्शनाला जात असू. तेथे पांझरा तापीला मिळते. तापीचे पात्र पाहून आम्हा मुलांची छाती दडपे. पण मामा नावाड्याशी गोड बोलून त्याच्या हातातून वल्हे मागून घेत आणि पलीकडच्या तीरापर्यंत नाव स्वतः नेत. मागे रेलून, पाय फळीला टेकवून ते वल्हे ओढीत, आणि प्रत्येक ओढीबरोबर आमच्या तोंडावर पाण्याचा शिडकावा येई. पायांच्या जोरावाचून नाव पुढे जात नाही, हे मी तेव्हा पाहिले होते, पण ध्यानात घेतले नव्हते.

मामांची विनंती एवढीच होती, की समोरच्या खिडकीच्या गजांना एक रुंद रबरी पट्टा बांधावा. डॉक्टरीणबाईंनी आधी खुर्चीची चाके अडवली, मामांच्या कंबरेला पट्टा बांधला आणि मग रबरी पट्टा बांधून त्याची दोन्ही टोके मामांच्या हातांत दिली. प्रवाह सुरू झाला. पाय सरळ होऊ लागताच मामांनी मागे रेलून पट्टा छातीपर्यंत ओढला. पाय खाली येताच सैल सोडला. पहिल्या काही खेपांना हात आणि पाय यांचा मेळ बसेना. कधी हात आधी निघत, कधी पाय. मग मामांनी डोळे मिटले. पायांकडून कसलीच बातमी येत नसल्यामुळे ते यंत्राच्या बारीक टिकटिकीकडे कान लावून बसले, आणि हळूहळू मेळ जमला. पंधरा, सोळा, सतरा. कपाळावर घाम आला. श्वास जोराने चालू लागला. डॉक्टरीणबाईंनी मनगट धरून नाडी मोजली आणि समाधानाने मान हलवली.

दारातून आजीने विचारले, "काय करी ऱ्हायना रे भाऊ?"

"वल्हं मारी ऱ्हायनू, माय," मामा डोळे न उघडता म्हणाले.

आजीला त्यांचे पाय नीट दिसत नव्हते. ती भिंतीला धरून पुढे आली आणि खिडकीजवळच्या बाकावर, नावेत बसावे तशी, पदर सावरून बसली.